राउटर टेबल : आधी बिट, मग राउटर, मग प्लेट

प्रश्न : निवृत्तीनंतर घरीच सुतारकाम करू लागलो आहे. स्वयंपाकघरातील कपाटांची पॅनेलची दारे आणि फोटोंच्या चौकटी करण्यासाठी राउटर टेबल, म्हणजे लाकडात खाचा व नक्षी काढणारे राउटर हे विजेचे यंत्र ज्याच्याखाली उलटे टांगतात ते टेबल, स्वतः बनवायचे आहे. सध्या माझ्याकडे ६ मिमी कोलेटचा (कोलेट म्हणजे फिरत्या पात्याचा, अर्थात बिटचा, दांडा पकडणारी चिमटी) ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, आहे. दुकानदाराने १६५० वॉटचा, १२ मिमी कोलेटचा आणि २२,००० आरपीएमचा (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांचा) राउटर दाखवला, पण त्याला वेग कमी-जास्त करण्याची सोय नाही. तशी सोय असलेला राउटर बराच महाग पडतो. राउटर ज्या प्लेटला टांगायचा तिच्यासाठी पाट्या बनवणाऱ्याकडे उरलेला १० मिमी अॅक्रिलिकचा तुकडा मिळतो आहे, किंवा कुपवाड एमआयडीसीतून ६ मिमी अॅल्युमिनियमची प्लेट कापून मिळू शकते. की तयार प्लेटच मागवावी?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : राउटर कोणता आणि प्लेट कोणती हे ठरवण्याआधी या टेबलावर आपण कधीकाळी लावाल तो सर्वांत मोठा बिट कोणता, हे कागदावर लिहून काढावे. टेबलावरच्या राउटरचा वेग, कोलेट, ताकद आणि प्लेटमधील भोकाचा व्यास या चारही गोष्टी त्या एका बिटवरून ठरतात. फोटोच्या चौकटीला मागून काच बसवण्याची खाच आणि पुढून गोलाई एवढेच काम असते, तर साध्या यंत्रावरही भागले असते; परंतु आपल्याला पॅनेलची दारे करायची आहेत आणि खर्चाचा खरा प्रश्न तिथेच आहे.

दाराच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांना नक्षीची धार आणि खाच काढणारा बिट साधारण ४० मिमी व्यासाचा असतो. पॅनेलच्या कडा उतरत्या करणारा आडवा बिट ८० मिमीच्या आसपास जातो. दुकानदाराने दाखवलेल्या राउटरवर, म्हणजे २२,००० आरपीएमवर, या ८० मिमी बिटची कड सेकंदाला सुमारे ९२ मीटर वेगाने फिरेल. ताशी हिशेब केला तर तो ३३० किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाला लाकूड जळते, यंत्र थरथरते आणि कार्बाइडचे पाते निखळले तर ते कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो. तोच बिट १०,००० आरपीएमवर फिरवला की कडेचा वेग सेकंदाला ४२ मीटरवर येतो आणि काम आटोक्यात राहते. सर्वसाधारण प्रघात असा आहे की २५ मिमीपर्यंतच्या बिटला २४,०००, त्यापुढे ५० मिमीपर्यंत १८,०००, ६५ मिमीपर्यंत १६,००० आणि त्याहून मोठ्या बिटला १२,००० आरपीएमच्या वर जाऊ नये. चांगल्या बिटच्या दांड्यावर कमाल वेग कोरलेला असतो. तो आकडा आणि हा प्रघात यांत फरक पडला तर कमी असलेला आकडा पाळावा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : आपल्या कामासाठी वेग बदलता येणारा राउटरच घ्यावा, आणि पैसे वाचवायचेच असतील तर वॉटमध्ये वाचवावेत, या सोयीत वाचवू नयेत. दुकानात वॉटचा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला जातो, पण खाच एकदम खोल न काढता दोन-तीन फेऱ्यांत उतरवली तर १६०० वॉटचे यंत्र घरगुती दारांना पुरून उरते. नावाने चौकशी करायची झाल्यास बॉशचा जीओएफ १६०० सीई हा १०,००० ते २५,००० आरपीएमचा आहे, मकिताचा आरपी २३०१ एफसी ९,००० ते २२,००० आरपीएमचा आहे, आणि ट्रायटनचा २४०० वॉटचा टीआरए ००१ हा तर ८,०००पर्यंत खाली येतो व तो टेबलाखाली उलटा टांगण्याचा विचार करूनच घडवलेला आहे. यांपैकी जे यंत्र आपल्याकडे दुरुस्त करून मिळेल आणि ज्याचे कार्बन ब्रश व कोलेट सांगली-कोल्हापुरात सहज मिळतील, ते घ्यावे. राउटरचा कोलेट हा झिजणारा भाग आहे, आणि तो मिळाला नाही तर उत्तम यंत्रही कोपऱ्यात पडून राहते.

स्थिर वेगाचाच राउटर घ्यायचा झाला तर एक पळवाट आहे. पॅनेलची कड काढणारे उभे बिट मिळतात; त्यांचा व्यास ४० मिमीच्या आत असतो आणि पॅनेल आडवे न ठेवता उंच फेन्सला, म्हणजे लाकूड सरळ चालावे म्हणून टेबलावर लावलेल्या उभ्या आडोशाला, टेकवून उभे चालवावे लागते. काम होते, पण वरचा प्रघात पाहिला तर ४० मिमीच्या बिटलाही २२,००० हा वेग जास्तच आहे. बाहेरून वेग-नियंत्रक जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो फक्त आत इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या साध्या मोटरवर आणि तेवढे वॉट पेलणाऱ्या नियंत्रकावरच चालतो व त्यात मोटरचा जोरही काहीसा घटतो. पंख्याचा रेग्युलेटर लावण्याचे धाडस मात्र करू नये. तो शंभरएक वॉटच्या पंख्यासाठी असतो.

कोलेटबाबत आपल्या पत्रात १२ मिमी असे लिहिले आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, आणि बाजारात दोन्ही मापांचे बिट एकाच काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. अर्ध्या इंचाचा बिट १२ मिमी कोलेटमध्ये शिरतच नाही, त्यामुळे तिथे फसगत होत नाही. उलट १२ मिमीचा बिट अर्ध्या इंचाच्या कोलेटमध्ये शिरतो, नट आवळल्यासारखाही वाटतो आणि काम सुरू असताना हळूहळू वर सरकत जातो. ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, यांच्यातही हाच घोळ आहे. एक माप ठरवावे आणि सगळे बिट त्याच मापाचे घ्यावेत. मी अर्ध्या इंचाकडे झुकेन, कारण दारांचे मोठे बिट त्या मापात अधिक प्रकारांत मिळतात. दांडा जाड असण्याचा फायदा दिसतो त्याहून मोठा आहे : व्यास दुप्पट झाला की दांडा वाकण्याला सोळापट विरोध करतो, आणि बिट कमी थरथरला की धारेवर लाटा उमटत नाहीत.

खरेदीला जाताना खिशात स्टीलची पट्टी ठेवावी. राउटर काउंटरवर उलटा धरून पूर्ण दाबायला सांगावा आणि कोलेटचा नट तळाच्या पातळीपासून किती बाहेर येतो ते मोजावे. टेबलाच्या वरूनच पाना लावून बिट बदलता यावा अशी इच्छा असेल, तर तळाची प्लॅस्टिकची चकती काढल्यावर नट प्लेटच्या जाडीइतका आणि वर पाना बसेल इतका बाहेर आला पाहिजे. तो येत नसेल तर प्रत्येक वेळी राउटर प्लेटसकट उचलून काढावा लागेल. ते अशक्य नाही, पण पाच-सहा किलोचे यंत्र दर बिटला उचलणे उत्साह मावळवणारे आहे. कोलेटला लांबवणारे जोड मिळतात, ते मला पसंत नाहीत, कारण त्यांतून बिटचा घेर डगमगू लागतो. त्याच पट्टीने दोन्ही मुठींमधले अंतरही मोजावे, म्हणजे राउटर टेबलाच्या भोकातून खाली उतरेल की नाही ते दुकानातच कळेल.

आता प्लेट. अॅक्रिलिकचा तुकडा घेऊ नये. तो १० मिमीचा आहे आणि अॅल्युमिनियम ६ मिमीचे, म्हणून अॅक्रिलिक भक्कम असे कोणालाही वाटेल. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो हे खरे, पण अॅल्युमिनियम मुळातच अॅक्रिलिकपेक्षा वीसपटींहून अधिक ताठ असते. दोन्हींचा हिशेब मांडला तर आपली ६ मिमीची अॅल्युमिनियमची प्लेट १० मिमी अॅक्रिलिकच्या सुमारे पाचपट ताठ ठरते. शिवाय अॅक्रिलिकवर कायम वजन टांगलेले राहिले की ते सावकाश खाली बसते आणि प्लेटला मध्यभागी झोळ पडतो. झोळ पडलेल्या प्लेटवर लाकडाच्या पट्टीची दोन्ही टोके टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो, त्यामुळे खाचेची खोली टोकाला वेगळी आणि मध्ये वेगळी निघते. मग सांधे जुळत नाहीत आणि दोष बिटला दिला जातो.

कुपवाडची अॅल्युमिनियमची प्लेट हा चांगला पर्याय आहे. शक्य असेल तर ६ ऐवजी ८ किंवा १० मिमी जाडीची घ्यावी, कारण मधले भोक बिटच्या मापाप्रमाणे लहान-मोठे करणाऱ्या वेगवेगळ्या व्यासाच्या कड्या त्यात बसवायच्या तर त्यांच्यासाठी ३ मिमीची पायरी काढावी लागते आणि ६ मिमीच्या प्लेटमध्ये खाली फक्त ३ मिमी उरतात. जाडी वाढल्याने बिटची उंची कमी होईल ही भीती फारशी खरी नाही. राउटरच्या तळाची प्लॅस्टिकची चकती साधारण ६ मिमीची असते आणि ती काढूनच प्लेट लावायची असते, त्यामुळे १० मिमी प्लेटने प्रत्यक्षात चारएक मिमीच जातात. लाटून काढलेली पत्री क्वचितच तंतोतंत सपाट असते. कापायला देण्यापूर्वी तिच्यावर स्टीलची पट्टी तिरकी, आडवी आणि उभी ठेवून उजेडाकडे पाहावे. बाक असलाच तर फुगीर बाजू वर घ्यावी, कारण केसभर फुगवटा चालतो, पण खड्डा चालत नाही. अॅल्युमिनियमचा काळसर डाग फिकट लाकडावर उतरतो, म्हणून प्लेट अॅनोडाइझ करून घ्यावी किंवा तिला मेण चोळावे. सिलिकॉनचा स्प्रे मारू नये. तो लाकडाला लागला की पुढे पॉलिश धरत नाही.

धातूचे काम नको असेल तर तिसरा पर्याय आपल्याकडे हमखास मिळतो, तो म्हणजे विजेच्या पॅनेलसाठी वापरली जाणारी बेकेलाइटची शीट, जिला बाजारात हायलम म्हणतात. १० किंवा १२ मिमीची शीट अॅक्रिलिकपेक्षा कितीतरी ताठ असते, ड्रिलने व्यवस्थित भोक घेते आणि लाकडाला डाग लावत नाही. परदेशी बनावटीच्या कित्येक तयार प्लेटा याच जातीच्या पदार्थाच्या असतात.

तयार प्लेट घ्यायला हरकत नाही, मात्र तिची भोके आपल्या राउटरच्या तळाशी जुळतात का ते आधी पाहावे. प्लेट घरी करा अथवा बाहेरून, तिचे माप मात्र प्रचलित ठेवावे : ९¼ × ११¾ इंच, म्हणजे सुमारे २३५ × २९८ मिमी. पुढे कधी चांगली तयार प्लेट किंवा राउटर लिफ्ट (राउटर वर-खाली करणारी यंत्रणा) घ्यावीशी वाटली तर टेबलाला पुन्हा हात लावावा लागणार नाही.

भोके पाडण्यासाठी राउटरच्या तळाची चकती हाच साचा समजावा. ती दुहेरी चिकटपट्टीने प्लेटवर चिकटवून भोकांच्या खुणा कराव्यात. स्क्रूची लांबी मोजताना मूळ स्क्रू राउटरच्या पायात किती मिमी शिरत होता ते व्हर्निअरने पाहावे, आणि नवा स्क्रूही तेवढाच शिरेल असा निवडावा. कमी शिरला तर आटे निघतात, जास्त शिरला तर आत अडतो आणि वरून घट्ट वाटूनही प्लेट सैल राहते. स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या किंचित खाली बसेल इतके काउंटरसिंक करावे. मधले भोक नेमके केंद्रात हवे असेल तर आधी प्लेट राउटरला बसवावी, टोकदार व्ही-बिट लावावा, प्लग काढून ठेवलेला असताना बिट प्लेटला टेकेपर्यंत वर आणावा आणि हाताने एकदा फिरवावा. जिथे ठिपका उमटेल ते केंद्र.

टेबलाचा पृष्ठभाग १८ मिमीचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून करावा, आणि सनमायका वर लावला तर खालूनही लावावा. एकाच बाजूला लावलेला पृष्ठभाग पावसाळ्यात बाक घेतो. कृष्णाकाठच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एमडीएफच्या उघड्या कडा फुगतात, म्हणून प्लेट बसण्याची खाच एमडीएफमध्ये काढू नये, आणि प्लायमध्ये काढली तरी तिला वॉर्निशचे दोन हात द्यावेत. खाच प्लेटच्या जाडीपेक्षा एखादा मिमी खोल ठेवून चारही कोपऱ्यांत खालून छोटे स्क्रू द्यावेत, म्हणजे प्लेट वर-खाली करून टेबलाशी समपातळीत आणता येते. मोसम बदलला की हे स्क्रू पुन्हा पाहावे लागतात.

फेन्ससाठी अॅल्युमिनियमच्या महागड्या रुळांची गरज नाही. बिट हा एक बिंदू असल्यामुळे फेन्स टेबलाच्या कडेला समांतर असण्याची आवश्यकताच नसते. एक टोक बोल्टवर फिरते ठेवून दुसरे टोक क्लॅम्पने आवळले तरी काम अचूक होते. प्लायच्या दोन पट्ट्या गुण्यात (काटकोनात) जोडाव्यात, एवढे पुरे. एक सूचना मात्र सांगलीकर म्हणून अवश्य पाळावी : पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान स्वस्तात मिळते आणि त्याच्यासारखे लाकूड नाही, पण राउटरखाली घालण्यापूर्वी त्यावरून चुंबक फिरवावा. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यामुळे बिटची धार लवकर जाते. त्यात गंजून डोके तुटलेला खिळा लागला तर कार्बाइडचा तुकडाच उडतो.

प्रश्न : माझ्याकडे फक्त ट्रिमर आहे आणि छोट्या ट्रे-पेट्यांच्या कडा गोल करणे एवढेच काम आहे. वेगळी प्लेट न करता ट्रिमर थेट प्लायला लावला तर चालेल का?
– एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : चालेल, आणि आपल्या कामाला तेच योग्य आहे. ट्रिमर साधारण ५०० ते ७०० वॉटचा आणि दीड-दोन किलोचा असतो, त्यामुळे झोळ पडण्याचा प्रश्न येत नाही. अडचण उंचीची येते. ट्रिमरचा बिट मुळातच आखूड असतो, आणि १८ मिमी प्लायच्या खाली तो लावला तर वर काही उरतच नाही. म्हणून प्लायला ट्रिमरच्या पायाच्या आकाराची खाच खालून घेऊन तिथे ६ मिमी जाडी ठेवावी, किंवा तेवढ्या भागात ६ मिमी हायलमचा चौकोन वरून बसवावा. दुसरा मार्ग अधिक टिकाऊ आहे.

बहुतेक स्वस्त ट्रिमर ३०,००० आरपीएमच्या आसपास एकाच वेगाने फिरतात, तेव्हा मोठ्या व्यासाचा बिट त्यात लावू नये, दांडा बसत असला तरीही; बिटवर कोरलेला कमाल वेग ट्रिमरच्या वेगापेक्षा कमी नाही ना, ते आधी पाहावे. बिट लावताना तो तळाला टेकवून मग दोन-तीन मिमी वर ओढावा आणि नट आवळावा. तळाला टेकलेला बिट आवळताना घट्ट वाटतो आणि चालताना सुटतो. उलट्या ट्रिमरच्या मोटरमध्ये वरून सगळा भुसा पडतो, म्हणून काम संपले की ब्लोअरने हवा मारावी.

प्रश्न : राउटर टेबलाखाली असल्यामुळे त्याचा स्विच हाताला येत नाही. तो केबल टायने दाबून ठेवून भिंतीवरच्या बटणावर चालू-बंद करतो. एका मित्राने हे धोक्याचे आहे असे सांगितले. काय करावे?
– एक वाचक, कराड

उत्तर : मित्राचे म्हणणे ऐकावे. वीज गेली की आपण बिट बदलायला किंवा भुसा काढायला हात घालतो, भिंतीवरचे बटण तसेच राहते, आणि वीज आली की राउटर आपोआप पूर्ण वेगाने सुरू होतो. वीज गेल्यावर सुटणारा आणि आल्यावर पुन्हा दाबल्याशिवाय न लागणारा नो-व्होल्ट स्विच टेबलाच्या पुढच्या पायावर, गुडघ्याने बंद करता येईल अशा उंचीवर लावावा.

तो मिळाला नाही तर शेतीच्या पंपाला असतो तसा हिरव्या-लाल बटणांचा सिंगल फेज स्टार्टर वायरमनकडून बसवून घ्यावा. त्यातला काँटॅक्टरही वीज गेली की सुटतो. त्याचा ओव्हरलोड रिले (जास्त प्रवाह आला की वीज तोडणारा भाग) राउटरच्या अँपिअरशी जुळवून घ्यावा. पंप रात्री आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी स्टार्टरला जो ऑटो जोडतात, तो मात्र इथे असता कामा नये, नाहीतर सगळा खटाटोप व्यर्थ. २००० वॉटचा राउटर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतो, तेव्हा त्याचा प्लग ६ अँपिअरच्या पॉइंटला न लावता १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला लावावा, आणि लांबची वायर घ्यायची झाली तर २.५ चौरस मिमीची घ्यावी. बिट बदलताना स्विच कोणताही असो, प्लग काढलाच पाहिजे.

प्रश्न : टेबलावर पट्टी चालवताना कधीकधी ती हातातून हिसकावल्यासारखी पुढे पळते. बिट नवा आहे. कारण काय असावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पट्टी बहुधा डावीकडून उजवीकडे, किंवा बिट आणि फेन्स यांच्या मधून चालवली जात असावी. राउटर उलटा असल्यामुळे वरून पाहताना बिट घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतो. आपल्या बाजूची त्याची धार उजवीकडे जाते, म्हणून पट्टी उजवीकडून डावीकडे चालवली की बिट तिला विरोध करतो आणि ती ताब्यात राहते. बिटचा नको असलेला भाग फेन्सच्या आत लपलेला असावा आणि पट्टी नेहमी फेन्सला घासून जावी. फेन्स मागे घेऊन पट्टी मधल्या फटीतून नेली तर बिटची पलीकडची धार तिला चालीच्याच दिशेने ओढते, आणि पट्टीपाठोपाठ बोटेही ओढली जातात. रुंद खाच काढायची असेल तर फटीतून दुसरी फेरी न मारता फेन्स प्रत्येक फेरीला थोडी थोडी मागे घ्यावी, म्हणजे बिट दर वेळी पट्टीच्या मोकळ्या कडेकडूनच नवे लाकूड घेईल. हाताला अजूनही धक्का जाणवत असेल तर फेन्सवर फेदर बोर्ड (पट्टी दाबून धरणारी दातेरी फळी) लावावा आणि एक फूट लांबीच्या आतली पट्टी हाताने न धरता रुंद फळीला जोडून चालवावी, काम झाल्यावर कापून वेगळी करावी.